कंपनीची आंगवण

कायद्यानं कंपन्यांच्या गळ्यात जी समाजसेवा बांधली, तिचं मराठी नाव तुम्ही ऐकलंय का? निगमित सामाजिक उत्तरदायित्व. मी हे नाव गोव्यात, दिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, मोठ्या रुबाबात उच्चारलं. समोरच्या मेजामागे बसलेल्या गृहस्थांनी ते पूर्ण होईपर्यंत डोळे मिटून वाट पाहिली आणि मग विचारलं, "जेवलंस गे बाय?"

मी जेवले नव्हते. हरमलहून दोन बस बदलून आले होते, हातात पुण्याची समाजकार्याची पदवी होती आणि डोक्यात दिचोली तालुक्याचं कल्याण होतं. जेवणाला त्यात जागा नव्हती. त्यांनी खणातून कागदात बांधलेला उंडो, म्हणजे आमच्याकडचा पाव, आणि पातळ भाजी काढून माझ्यापुढे सरकवली. "आधी खा. मगे तां लांबलचक नाव परत घे. उपाशी माणसाक ता बाधता."

हे आमचे भाई. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना भाईच म्हणत. कंपनीच्या जुन्या मालकाच्या काळात ते पीआरओ होते, म्हणजे गावात जायचं, शिव्या खायच्या आणि परत येऊन मालकाला त्यांतल्या निम्म्या सांगायच्या. नंतर कायदा आला, त्यासाठी वेगळा विभाग निघाला, आणि बसल्या जागी भाई त्याचे प्रमुख झाले. खुर्चीसुद्धा बदलली नाही. मी त्यांची मदतनीस, वर्षावर्षाच्या कंत्राटावर.

भाईंच्या खिडकीत बाटल्या असत. फेणीच्या, सरबताच्या, औषधाच्या, मिळेल त्या. प्रत्येकीवर गावाच्या नावाची चिठ्ठी आणि आत त्या गावच्या व्हाळाचं पाणी. व्हाळ म्हणजे आमच्याकडचा ओढा. खाणीची लाल माती पावसाबरोबर व्हाळात उतरते, ती बाटलीत तळाशी बसे. कुठल्या बाटलीत किती बोटं गाळ बसला ते भाई रोज सकाळी वाकून बघत. लोक वर्तमानपत्र वाचतात, हे बाटल्या वाचत. एकदा मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांना ती ओळ दिसली. लालसर पाणी, फेणीच्या बाटल्या. साहेबांचा चेहरा पडला.

"ये सब आप पीते हैं?"

"गाव पीता है," भाई म्हणाले आणि साहेबांना बसायला खुर्ची पुढे केली.

त्यांचं सगळंच असं होतं. फोटोत येत नसत. पंधरा वर्षांच्या उद्घाटनांचे अल्बम मी चाळले, तर भाई म्हणून सापडला तो एक कोपर आणि एका ठिकाणी छत्री. पाण्याच्या टाकीवर कंपनीच्या नावाची पाटी लावायचा हुकूम आला, की पाटी लागायची, पण टाकीच्या मागल्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून. मुख्यालयानं फोटो मागितला तर फोटो जायचा. पाटी स्पष्ट, अक्षरं सुबक. समोर झाडं आहेत की माणसं, ते फोटोत कुठे कळतं?

'लाभार्थी' या शब्दावर तर त्यांचा खास राग. मी पहिल्या अहवालात 'लाभार्थी : चारशे' असं लिहिलं. त्यांनी कागद परत दिला. "चारशे कोण? नावां हाड." मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. आठ दिवस उन्हातून घरोघर हिंडून मी नावं आणली, ती भरली तीनशे बारा. उरलेले अठ्ठ्याऐंशी कुठे गेले ते मला सांगता येईना, कारण ते माझ्या डोक्यातच जन्मले होते. भाई एवढंच म्हणाले, "बरा झाला. ह्येंका तरी तहान लागता." त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता मीही नव्या मुलींना नावं आणायला पाठवते.

जुना मालक आणि नवा कायदा यांतला फरक ते एका वाक्यात सांगत. "पयलो धनी देवाक भियाचो, आताचो फायलीक भियेता." जुन्या मालकाच्या वेळी कागदबिगद काही नसे. जत्रेला ट्रक पाहिजे, देवळाला कौलं पाहिजेत, कुणाच्या म्हाताऱ्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचंय, भाई जाऊन सांगत, मालक मान हलवत. म्हणून ते सोन्यासारखे दिवस होते असं भाईंनी मात्र कधी म्हटलं नाही. मालकाला जो गाव आवडे त्यालाच कौलं मिळत, आणि ज्या गावानं ट्रक अडवले त्याला जत्रेलाही ट्रक नसे. कायद्यानं ती मर्जी गेली. तिच्या जागी नमुना आला. सगळ्या देशाला एकच.

त्या नमुन्यातूनच शिलाई यंत्रं आली. दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात ती फार यशस्वी झाली होती म्हणे. न विचारता, न सांगता एका गावात ट्रकभर उतरली. गावातल्या बायका सभ्य, त्यांनी हळदीकुंकू लावून घरात घेतली. पुढे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. यंत्रांचा वापर होतोय का ते बघा, असा मुख्यालयाचा तगादा होता, म्हणून भाई आणि मी दर्शनाच्या निमित्तानं घरोघर गेलो. जवळजवळ प्रत्येक घरात माटोळीखाली, म्हणजे रानफळांनी सजवलेल्या टांगत्या चौकटीखाली, गणपती बसला होता आणि त्याच्या मखराखाली, झालर लावलेलं, भक्कम, योग्य उंचीचं काय होतं ते मला यंत्राच्या लोखंडी पायांवरून ओळखू आलं. भाईंनी अहवालात लिहिलं, "सर्व यंत्रे वापरात आहेत. लोकांच्या श्रद्धेचा विषय झाली आहेत." वार्षिक पुस्तकात ते वाक्य छापून आलं.

पण मला सांगायची आहे ती आंगवणीची गोष्ट. भाई समजायचे तर तीच सांगायला हवी.

मधल्या काळात खाणी बंद पडल्या होत्या, आणि आमची कंपनी मुंबईच्या एका मोठ्या समूहानं विकत घेतली. खाणी पुन्हा सुरू व्हायची चिन्हं दिसू लागली तशी नव्या मालकांची माणसं गावोगाव ओळख करून द्यायला निघाली. त्यांतलं एक गाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी. त्याचा व्हाळ लाल मातीनं बुजला होता, इतका की गुरं त्यावरून कोरड्या पायांनी पलीकडे जात. व्हाळ नाही म्हणून शेताला पाणी नाही, आणि तीन हिवाळे गावात वायंगण, म्हणजे हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात कापायचं भात, लागलं नव्हतं. भाईंच्या खिडकीत त्या गावची बाटली रिकामी होती. भरायला पाणीच नव्हतं.

सभा देवळाच्या मंडपात होती. मुख्यालयाचा माणूस हिंदी आणि इंग्रजी मिसळून अर्धा तास बोलला. जबाबदारी, भागीदारी, समाज, शाश्वत असं बरंच काही. मग त्यानं भाईंकडे हात केला, की आता हे तुमच्या भाषेत सांगा. भाई उठले. अर्ध्या तासाचं त्यांनी एक वाक्य केलं.

"हे सांगतत, कंपनीन गावाक आंगवण केल्यान."

आंगवण म्हणजे नवस. पुढे बसलेला गावकार, म्हणजे गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालणारा म्हातारा, सावरून बसला.

"मागला काय होता?" त्यानं विचारलं.

"डोंगर," भाई म्हणाले.

"मेळलो?"

"मेळलो. बार्जीत भरून मुरगावाक गेलो, थंयसून बोटीन भायर."

"मगे फारीक करूची पडतली," गावकार म्हणाला. मागितलेलं मिळालं, आता नवस फेडायला हवा. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. "आमचो व्हाळ आमका काडून दिया. इतक्यान फारीक."

मुख्यालयाचा माणूस टाळ्या वाजवत होता. सभा इतकी छान झालेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

पंधरा दिवसांत घोटाळा लक्षात आला. गावातून पत्र आलं, आंगवण कधी फेडता? मुंबईनं उत्तर दिलं, की जुन्या मालकांच्या काळातल्या गोष्टींशी आमचा संबंध नाही. गावानं उलट लिहिलं, की बापानं केलेली आंगवण पोराला चुकत नाही, आणि घर विकलं तर ती घराबरोबर जाते. हे पत्र कायदा विभागात पोचलं आणि तिथून एक तरुण वकील आमच्याकडे धाडला गेला. लखनौचा, हसतमुख, कोळंबी बघूनच अंगावर पित्त उठणारा. मुलगा वाईट नव्हता. त्यानं मला अडचण नीट समजावून सांगितली. व्हाळ साफ करणं ही आमची जबाबदारीच आहे म्हणून केला, तर माती आमची होती अशी कबुली होते. आणि जे कायद्यानं करायलाच लागतं ते या समाजसेवेत धरता येत नाही. म्हणजे बंधन म्हणून करता येत नाही आणि सेवा म्हणूनही करता येत नाही. त्यापेक्षा शाळेला डिजिटल वर्ग द्यावा, त्याला कुणाची हरकत नसते.

"शाळेत नऊ मुलं आहेत," मी म्हटलं.

"छोटा क्लासरूम देंगे," तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला.

भाईंना लेखी आदेश आला. सभा पुन्हा बोलवा आणि चुकीचं भाषांतर जाहीरपणे दुरुस्त करा. भाईंच्या निवृत्तीला चार महिने होते. न केल्यास तेवढेही उरणार नाहीत, असं पत्राच्या शेवटी फार मऊ शब्दांत लिहिलं होतं. मला वाटलं, भाई आता ताडकन उठतील. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चूक ती चूक. सुधारूक जाय."

मी भडकले. सभेला जाताना त्यांच्या स्कूटरवर मागे बसून वाटभर भांडले. तीन वर्षं लोक रिकामी शेतं बघतायत, एक शब्द त्यांच्या बाजूनं उभा राहिला तोही तुम्ही काढून घेणार? तुम्ही भित्रे आहात, असंही म्हटलं, आणि ते पाठीमागून म्हटलं तरी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. भाईंनी आधी चढ संपवला. मग म्हणाले, "बाय, कागद मी वाचतलंय. पण ऐकतले ते. ऐकणाऱ्यांक तू इतक्यात गणूक विसारलंस."

तोच मंडप, तीच माणसं. वकील वही उघडून बसला, सभेचं इतिवृत्त त्यालाच लिहायचं होतं. भाईंनी उभं राहून शाळकरी मुलासारखं वाचलं, की मागच्या सभेत मी आंगवण असा शब्द वापरला, तो चुकीचा आहे, बरोबर शब्द निगमित सामाजिक उत्तरदायित्व असा आहे.

"परत सांग," गावकार म्हणाला. भाईंनी परत सांगितलं. मागून एका बाईनं तो शब्द म्हणून बघितला आणि मध्येच सोडून दिला.

"म्हणजे आंगवण न्हय?"

"न्हय."

"कंपनीन देवाकडे, गावाकडे काय मागूकच नाय?"

"कागद तसाच म्हणता. मागूक नाय."

गावकार रागावला नव्हता. सरळ एका गोष्टीवरून दुसरीवर आला होता.

"मगे डोंगर न मागताच व्हेल्यान?"

कुणी हसलं नाही. वकिलानं माझ्याकडे बघितलं. "क्या बोले?"

मी भाईंकडे बघितलं. भाईंनी कागदाची घडी केली, घसा सुकल्याची खूण केली आणि पाण्याच्या तांब्याकडे निघून गेले. "बाय सांगतली," एवढं जाता जाता म्हणाले.

माझं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपणार होतं. ते वाढवायचं की नाही याचा कागद मुंबईत होता, हे मला माहीत होतं, वकिलाला माहीत होतं, भाईंना तर होतंच. 'ते थोडे नाराज आहेत' असं सांगता आलं असतं. खरं सांगते, ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण समोर तो म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. हिंदी त्याला येत नव्हती, तरी मी खोटं बोलले असते तर त्याला कळलं असतं असं मला वाटलं.

मी हिंदीत म्हटलं, "ते विचारतायत, नवस नव्हता, तर तुम्ही डोंगर चोरून नेलात का?" न मागता नेण्याला माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता.

वकिलाचं पेन थांबलं. त्यानं हळूच विचारलं, "ये मिनिट्स में लिखना पड़ेगा?"

"सवाल सभा में हुआ है," भाई पाणी पिऊन परत आले होते. "लिखना तो पड़ेगा."

वकिलानं पेन खाली ठेवलं. मग त्यानं भाईंना जवळ बोलावून विचारलं, की तो पहिला शब्द, आंगवण, त्याचा नेमका अर्थ काय. मी शेजारीच होते, सगळं ऐकलं. भाईंनी सांगितलं, मागितलं, मिळालं, म्हणून खुशीनं द्यायचं. त्यात गुन्हा नाही, कबुली नाही, कोर्ट नाही. मामला देवाशी असतो.

"मतलब, स्वेच्छा से?"

"साहब, जबरदस्ती से मन्नत कौन माँगता है?"

वकिलाचा चेहरा उजळला. तो कायद्याचा माणूस, त्याला एवढं दार पुरेसं होतं. स्वेच्छेनं केलेलं, पण चुकवता न येणारं, असं काही जगात असतं हे त्याला कायद्याच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. आठवड्याभरात मुंबईहून टिपण आलं, स्थानिक परंपरेनुसार 'आंगवण' ही संज्ञा वापरण्यास हरकत नाही. इतिवृत्तात गावकाराचा प्रश्न आला नाही आणि व्हाळाचं काम 'जलस्रोत पुनरुज्जीवन' या मथळ्याखाली मंजूर झालं. माझं कंत्राटही एका वर्षानं वाढलं. का वाढलं ते मी विचारलं नाही.

तो शब्द भाईंनी मुद्दाम वापरला होता का, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. आता ते गावी अळसांदे आणि मिरच्या लावतात, फोन केला तर आधी पिकाचं सांगतात. मागच्याच महिन्यात पुन्हा विचारलं. म्हणाले, "माका इतक्या मराठी खंय येता?"

व्हाळ एप्रिल-मेमध्ये उपसला. रुंद होता तिथं यंत्र चाललं, काठ खचेल तिथं माणसांनी खोऱ्या-घमेल्यांनी काढला. भाई रोज गुडघाभर चिखलात. लाल थर संपला आणि खाली काळी रेती, गोटे लागले तेव्हा सगळे काम सोडून बघायला आले. एका वळणावर सपाट धोंड निघाली. एक म्हातारी काठावरून उतरली, तिनं हातानं धोंड पुसली आणि तिच्यावर बसून राहिली. लग्न होऊन आल्यापासून व्हाळ बुजेपर्यंत ती तिथं कपडे धूत होती. मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते घाम पुसल्यासारखं पुसलं.

झरे मोकळे होऊन व्हाळाला धार लागली होती, आणि शेवटच्या दिवशी आंगवण फेडायची होती. व्हाळाच्या काठी राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची, घुमटी आहे, तिथं गाव जमलं. वकील मुंबईहून मुद्दाम आला, बूट काढून, नारळ घेऊन. गावकारानं नारळ घेतला, घुमटीपुढे ठेवला आणि विचारलं, "नाव कोणाचा घेव?"

वकिलानं कंपनीचं पूर्ण नाव सांगितलं, प्रायव्हेट लिमिटेडपर्यंत.

"ह्या राखणदाराक कळाचा नाय. मनशाचा नाव जाय. उद्या व्हाळ बुजलो तर तो कोणाक विचारतलो?"

मी ते वकिलाला सांगितलं. तो एक पाऊल मागे सरकला. कंपनीच्या वतीनं नाव द्यायचा अधिकार आपल्याला नाही, म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. मी भाईंकडे वळले, की आता हे पुढे होतील.

"ह्येचा नाव आता घेवचा नाय," गावकार म्हणाला. "लय वर्सां घेतला. आता ह्येका सोडूया."

तेव्हा मला कळलं. शाळेची विहीर, टाक्या, पंप, जे जे म्हणून कंपनीनं इतक्या वर्षांत सात गावांत दिलं, त्या प्रत्येक नारळावर भाईंचं नाव घेतलं गेलं होतं. पंप बंद पडला, विहीर आटली, की गावानं त्यांना विचारायचं आणि राखणदारानंही त्यांनाच. मालक बदलला, कायदा आला, कंपनी विकली गेली. नाव तेच राहिलं. आम्हाला ऑफिसात याचा पत्ताही नव्हता.

भाई माझ्याकडे बघत नव्हते. वाहत्या पाण्याकडे बघत होते, आणि फार मन लावून बघत होते.

मी माझं नाव सांगितलं.

"बापायचा?" गावकारानं विचारलं. तेही सांगितलं. "गाव?" हरमल म्हटलं. त्यानं मान डोलावली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. हरमलच्या अमक्याची ही चेडू, हिच्या आंगवणीचो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो आसा, तो मानून घे, आणि व्हाळ परत बुजलो तर हिका सपनात येवन सांग, हिका झोप लागू दिव नको. सगळे म्हणाले, व्हय महाराजा. सगळ्यांत मोठा आवाज भाईंचा होता.

वकील शेजारी येऊन कुजबुजला, की इतका वेळ ते तुमच्याबद्दल काय बोलत होते.

"काही नाही," मी म्हटलं. "मी आज कायम झाले."